आधी शेवटच्या चौकीला

२ नोव्हेंबर २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून जीसॅट-७आर हा नौदलाचा उपग्रह अवकाशात गेला. बातम्यांत त्याचं वजन आलं (सुमारे ४,४०० किलो), भारतीय भूमीवरून सोडलेला सर्वांत जड दळणवळण उपग्रह म्हणून मान आला, प्रक्षेपकाचं कौतुक आलं. ते यायलाच हवं होतं. नौदलाचा आधीचा जीसॅट-७ २०१३ सालचा, वायुदलाचा जीसॅट-७ए डिसेंबर २०१८ मधला, आणि भूदलासाठीच्या जीसॅट-७बीचा करार २०२३ मध्ये झाला आहे. तिन्ही दलांसाठी आकाशात जागा तयार होते आहे. या सगळ्या कौतुकात एक प्रश्न मात्र मला कुठे वाचायला मिळाला नाही. या चॅनेलांवर एकाच वेळी सगळ्यांना बोलायचं असेल, तेव्हा गप्प कोणी बसायचं?

प्रश्न तांत्रिक वाटतो, त्यामुळे तो सैन्याचं दळणवळण सांभाळणाऱ्या सिग्नल्सवाल्यांवर आणि यंत्र पुरवणाऱ्यांवर सोडला जातो. खरं तर तो हुकमाचा प्रश्न आहे. कोणाचा निरोप अडला तरी चालेल हे ठरवणं म्हणजे धोका कोणाच्या माथी मारायचा हे ठरवणं. हा निर्णय कोणी जाणीवपूर्वक घेतला नाही तरी तो होतच असतो, आणि असा आपोआप झालेला निर्णय बहुतेक वेळा मागे सुरक्षित बसलेल्याच्या बाजूने जातो.

टंचाई किती खरी आहे, ते आधी पाहू. पायदळाच्या तुकडीबरोबर फिरणारा व्हीएचएफ रेडिओ साधारण ३० ते ८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. एका चॅनेलची रुंदी २५ किलोहर्ट्झ, आणि त्यातून डेटा जातो सेकंदाला १६ किलोबिटच्या आसपास. लांब पल्ल्याच्या एचएफ रेडिओवर चॅनेल अवघा ३ किलोहर्ट्झचा. या लहरी परतवणारं वरचं आयनावरण प्रसन्न असेल तर सेकंदाला ९,६०० बिट, एरवी २,४००, आणि परिस्थिती फारच बिघडली तर ७५. मोबाइलवर काढलेला दोन मेगाबाइटचा एक फोटो २,४०० बिटच्या लिंकवरून पाठवायचा तर दोन तासांच्या आसपास लागतात. शत्रूच्या तोफा कुठे आहेत हे सांगणारा दोन ओळींचा निरोप त्याच लिंकवर सेकंदाभरात जातो. आणि एक जण पाठवत असतो तेव्हा त्या नेटवरच्या, म्हणजे त्याच चॅनेलवर जोडलेल्या, बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं असतं. म्हणजे फोटो चालला असेल तर ते दोन तास सगळी नेट त्या फोटोची.

मग क्षमता वाढवा की! वाढवतातच, पण फुकट काही वाढत नाही. ताकद वाढवली की शत्रूच्या दिशाशोधकाला तुमचं ठिकाण लवकर सापडतं. वरच्या फ्रिक्वेन्सीवर जागा भरपूर आहे, पण त्या लहरी डोंगराआड पोचत नाहीत, आणि आपल्या उत्तर सीमेवर डोंगराशिवाय दुसरं काही नाही. प्रत्येक सेटने दुसऱ्याचा निरोप पुढे ढकलावा अशी जाळी विणली, तर तिथे गणित आडवं येतं. पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० साली दाखवून दिलं की अशा जाळीत संच वाढतात तसा प्रत्येकाच्या वाट्याला येणारा हिस्सा घटतो. संच चौपट केले तर वाटा निम्म्याहूनही खाली येतो.

केबलचा मार्ग आपण घेतला आहे. मोबाइल सेवेसाठी लहरी मोकळ्या करून द्यायच्या आणि बदल्यात सैन्याला स्वतंत्र ऑप्टिकल फायबरचं जाळं मिळायचं, असा तो व्यवहार. २०१२ साली त्यासाठी १३,३३४ कोटी रुपये मंजूर होते, २०१८ साली त्यात ११,३३० कोटींची भर पडली. खर्च योग्यच. पण केबल ठाण्यापर्यंत जाते, गस्तीबरोबर चालत नाही.

शिवाय क्षमता वाढली की भूक वाढते. १९९१ च्या आखाती युद्धात हवाई मोहिमेचा रोजचा आदेश शेकडो पानांचा असे आणि तो अमेरिकी विमानवाहू नौकांपर्यंत लिंकवरून पोचत नसे. विमानात घालून न्यावा लागे. त्यानंतरच्या दशकात त्या सैन्याने उपग्रहांवर आणि रेडिओंवर अमाप पैसा ओतला. तरी ऑगस्ट २००३ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने भूदलाच्या बँडविड्थवर अहवाल दिला, तेव्हा काही पातळ्यांवर गरज पुरवठ्याच्या सुमारे दहापट निघाली. पैसा कमी पडला असं म्हणायला तिथे कोणी धजणार नाही. मधल्या काळात ड्रोनचा व्हिडिओ आला होता, आणि मुख्यालयात भिंतीवर मोठे पडदे लागले होते.

युक्रेनच्या आघाडीवर ही गर्दी अगदी तळापर्यंत पोचली. अ‍ॅनालॉग व्हिडिओवर उडणाऱ्या एफपीव्ही ड्रोनच्या, म्हणजे चष्म्यात त्याच्याच कॅमेऱ्याचं चित्र पाहून उडवायच्या ड्रोनच्या, चालकाला लहरी दडपणाऱ्या शत्रूच्या जॅमरबरोबर शेजारच्या आपल्याच तुकडीचीही धास्ती असते. दोघांनी जवळजवळचं चॅनेल धरलं की एकाच्या चष्म्यात दुसऱ्याच्या ड्रोनचं चित्र घुसतं, आणि दोन्ही ड्रोन जायची पाळी येते. त्यामुळे कोणी कधी उडवायचं हे आधी आपापसांत ठरवावं लागतं. २०२४ पासून मागे किलोमीटर-किलोमीटर काचतंतू सोडत जाणारे ड्रोन दिसू लागले. मुख्य कारण जॅमिंग. पण बिनतारी यंत्राला पुन्हा तार बांधायची वेळ आली, यावरून लहरींची अवस्था समजते.

तेव्हा टंचाई राहणार, आणि नेमकी लढाईच्या घटकेला ती सर्वांत जास्त असणार, हे गृहीत धरून बोलू. वाटणीची जुनी रीत म्हणजे निरोपावर तातडीचा शिक्का. नाटोच्या पद्धतीत चार दर्जे आहेत: फ्लॅश, इमिजिएट, प्रायॉरिटी आणि रूटीन. शिक्का नसला तर काय होतं, याचं उदाहरण पर्ल हार्बरचं. ७ डिसेंबर १९४१ रोजी वॉशिंग्टनमध्ये लष्करप्रमुख जनरल मार्शल यांनी हवाई बेटांवरच्या लष्कराला इशारा पाठवायला सांगितलं. वातावरणामुळे लष्कराचा स्वतःचा रेडिओ मार्ग बंद होता, म्हणून निरोप व्यापारी तार कंपन्यांमार्फत गेला. होनोलुलूच्या तार कार्यालयात तो सकाळी ७ वाजून ३३ मिनिटांनी पोचलासुद्धा. पहिला बॉम्ब पडायला अजून वीसेक मिनिटं होती. पाकिटावर तातडीची खूण नव्हती. मोटरसायकलवरचा पोऱ्या इतर तारांबरोबर ती घेऊन निघाला आणि लष्कराच्या हाती ती हल्ला होऊन काही तास उलटल्यावर पडली. त्या वीस मिनिटांत सगळं बदललं असतं असा माझा दावा नाही. पण सर्वांत महत्त्वाचा निरोप सर्वसाधारण रांगेत उभा राहिला, हे नोंदलेलं आहे.

तीन वर्षांनी फिलिपिन्समधल्या लेटेच्या समुद्रात नेमकं उलट घडलं, आणि मला ते जास्त बोधक वाटतं. २५ ऑक्टोबर १९४४ च्या पहाटे सव्वाचारच्या सुमारास अमेरिकी अ‍ॅडमिरल किंकेड यांनी दुसऱ्या अमेरिकी आरमाराचे प्रमुख हॅल्सी यांना विचारलं की सान बर्नार्डिनोची सामुद्रधुनी तुमची युद्धनौकांची तुकडी राखते आहे ना? किंकेड यांचं आरमार जनरल मॅकार्थर यांच्या हाताखाली, हॅल्सी यांचं अ‍ॅडमिरल निमिट्झ यांच्या. थेट बोलायची सोय नव्हती, निरोप मानुस बेटावरच्या केंद्रातून फिरून जात. तिथे तातडीच्या निरोपांचा इतका ढीग साचलेला की ते उशिरा आणि उलटसुलट क्रमाने बाहेर पडत होते. हॅल्सी यांना प्रश्न मिळाला अडीच तासांनी. उत्तर 'नाही' असं होतं, आणि ते किंकेड यांच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याच सामुद्रधुनीतून आलेल्या जपानी युद्धनौकांनी छोट्या अमेरिकी विमानवाहू नौकांवर तोफा डागायला सुरुवात केली होती. इथे शिक्क्यांची कमतरता नव्हती. सगळ्यांनीच शिक्के मारले होते.

शिक्का मारणाऱ्याला त्याची काही किंमत मोजावी लागत नसेल, तर असंच होणार. कनिष्ठ अधिकारी साहेबांचा निरोप रूटीनमध्ये टाकायला कचरतो. साहेबांना आपला निरोप रूटीन वाटतच नाही. अमेरिकेने १९६० च्या दशकात ऑटोव्हॉन ही लष्करी टेलिफोन व्यवस्था उभारली, तिच्या फोनवर बाराऐवजी सोळा बटणं असत. उजवीकडच्या जादा रांगेतलं योग्य बटण दाबलं की व्यवस्था खालच्या दर्जाचा चालू संवाद तोडून तुम्हाला जागा करून देई. सर्वांत वरचं बटण फ्लॅश ओव्हरराइडचं, ते राष्ट्राध्यक्ष आणि अगदी वरच्या मोजक्यांसाठी. तांत्रिकदृष्ट्या सुबक काम. पण कोणता दर्जा वापरता येईल हे त्या-त्या फोनच्या जोडणीवर ठरलेलं असे, म्हणजे पर्यायाने कोणाच्या टेबलावर फोन आहे यावर. अणुयुद्धाचा आदेश वरून खाली जातो, त्यामुळे त्या कामापुरतं हे चाललं असेल. डोंगरातल्या लढाईत मात्र जी गोष्ट आधी कळायला हवी ती बहुधा खालून वर येते, आणि तिथे उभ्या असलेल्या हवालदाराकडे असं बटण नसतं.

आता हे सगळं सॉफ्टवेअर पाहील, असं सांगितलं जातं. नवे सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ लिंकची अवस्था क्षणाक्षणाला मोजतात आणि वेळेची वाटणी आपली आपण करतात. यंत्रं चांगली आहेत, आणि ती देशात बनताहेत हे त्याहून चांगलं. पण वाटणी करणाऱ्या सूत्राला कोणीतरी उद्दिष्ट दिलेलं असतं. आणि दळणवळणाच्या दुनियेत सर्वांत सहज सुचणारं उद्दिष्ट म्हणजे एकूण जास्तीत जास्त माहिती वाहावी.

त्याचा परिणाम बघा. एकाच चॅनेलवर ब्रिगेडचं मुख्यालय आहे, त्याची लिंक स्वच्छ. त्याच चॅनेलवर धारेपलीकडची एक चौकी आहे, जॅमरच्या टप्प्यात, जेमतेम ऐकू येणारी. तिला तोच निरोप सावकाश आणि पुन्हापुन्हा पाठवावा लागतो. मुख्यालयाला एक सेकंद पुरतो तिथे तिला दहा लागतात. तिचे ते दहा सेकंद मुख्यालयाला दिले तर दसपट माहिती वाहते. जास्तीत जास्त माहिती वाहावी एवढंच सांगितलेलं सूत्र मग प्रामाणिकपणे चौकीला गप्प करतं. प्रत्येक वापरणाऱ्याला सारखा वेळ दिला तरी फार फरक पडत नाही, कारण मुख्यालयात वापरणारे पन्नास आणि चौकीत एक. कोणाच्याही मनात पाप नसताना, ज्याची लिंक वाईट त्याला कमी, अशी वाटणी होऊन बसते. आणि लढाईत लिंक वाईट कोणाची असते? जो शत्रूच्या सर्वांत जवळ आहे त्याची.

कालव्याच्या पाण्यावर शेती केलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. माथ्यावरच्याचा ऊस डोलतो आणि शेपटाकडच्याची ज्वारी करपते. म्हणून पाळी शेवटच्या चारीपासून वर द्यायची, टेल टू हेड, हा नियम आपल्याकडे आला. पाळला किती जातो हा वेगळा विषय. धुळे-नाशिककडच्या जुन्या फड पद्धतीत तर शेतकरी आपलं पाणी आपण घेतच नाही, सगळ्यांनी नेमलेला पाटकरी ते देतो. लिंकला हीच रीत लावावी असं मी म्हणतो, आणि तिथे तिची गरज जास्त आहे. उशिरा आलेलं पाणी थोडंफार तरी भिजवतं. तोफा हलवून झाल्यावर आलेला तोफांचा ठावठिकाणा कचरा असतो.

म्हणजे प्रत्यक्षात करायचं काय? प्रत्येक पुढच्या चौकीला, गस्तीला, एकट्या जहाजाला थोडा पण पक्का वेळ राखून ठेवायचा. तो मुख्यालयालाही काढून घेता येणार नाही, दर्जा फ्लॅश असला तरी. हा वाटा बिटांत मोजायचा नाही, पोचलेल्या निरोपांत मोजायचा: दर अमुक मिनिटांनी तिचा एक छोटा निरोप जाऊन पोच मिळालीच पाहिजे, मग त्याला हवेतला कितीही वेळ लागो. उरलेल्या जागेत निरोपाचा दर्जा ठरेल तो, किती वेळात हा निरोप निरुपयोगी होईल, यावरून. पाठवणाऱ्याच्या खांद्यावर काय आहे त्यावरून नाही. आणि लिंक आकसली की पहिल्यांदा बंद होईल तो मागच्या पडद्यावरचा व्हिडिओ. हे सगळं मोहिमेआधी, सेनापतीच्या सहीने ठरलेलं असावं. ऐन गर्दीत सिग्नल्सच्या कॅप्टनने ब्रिगेडियरशी वाद घालावा अशी अपेक्षा ठेवणं हा त्या कॅप्टनवर अन्याय आहे.

वाटा आधीच राखून ठेवणं यंत्रांना अवघड नाही. नाटोच्या लिंक-१६ या डेटा लिंकमध्ये सेकंदाचे १२८ तुकडे पाडलेले आहेत, एकेक ७.८१२५ मिलिसेकंदांचा. १२ सेकंदांच्या चक्रात असे १,५३६ तुकडे, आणि त्यातले कोणते कोणाचे हे बहुतांशी उड्डाणाआधी आखणाऱ्यांनी ठरवलेलं असतं. हीच लिंक ९६० ते १,२१५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात नागरी विमानांच्या अंतरमापक यंत्रणेच्या शेजारी राहते, म्हणून शांततेच्या काळात किती स्पंद सोडायचे यावरही मर्यादा घालून घेतलेली आहे. लढाऊ विमानांचं सैन्य अशी शिस्त मान्य करतं, तर बाकीच्यांनी का करू नये?

या पद्धतीत दोष आहेच. जे विमान आलंच नाही त्याचे तुकडे रिकामे जातात. राखीव वाटा म्हणजे काही प्रमाणात वाया जाणारा वाटा, आणि अभियंत्यांना ते बघवत नाही. न वापरलेली जागा क्षणभरासाठी दुसऱ्याला उसनी देण्याचे मार्ग निघतात, तेही वापरावेत. पण हिशेब कुठेतरी चुकणारच असेल तर तो मुख्यालयाचा पडदा थोडा काळ काळा पडण्याच्या दिशेने चुकावा, एवढंच माझं म्हणणं.

सेनापतीला संपूर्ण चित्र दिसायला हवं, हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. मागच्याला न दिसल्याने आपल्याच माणसांवर गोळीबार झाल्याची उदाहरणं प्रत्येक सैन्यात आहेत. पण चित्र बनतं कशाचं? पुढच्यांच्या छोट्या-छोट्या निरोपांचं. त्यांचा वाटा राखला तरच ते चित्र ताजं राहील. ड्रोनचा व्हिडिओ फार तर एका जागेचं दृश्य दाखवतो, आणि ते इतकं गुंतवून ठेवणारं असतं की बटालियनने करायचं काम डिव्हिजन करू लागते. हा धोका बँडविड्थच्या हिशेबात कुठेच धरला जात नाही.

दुसरा आक्षेप गूढलेखनाचा, आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. निरोप कुलूपबंद झाला की वाटेतल्या रेडिओला त्याची तातडी दिसत नाही. ती दिसावी म्हणून बाहेर खूण ठेवली, तर फ्लॅशचा ओघ अचानक वाढला हे ऐकणाऱ्या शत्रूलाही कळतं, आणि मजकूर न वाचता काहीतरी घडणार हे तो ओळखतो. इथेही राखीव वाट्याचा थोडा उपयोग आहे. चौकी दर पाच मिनिटांनी ठरलेल्या लांबीचं काहीतरी पाठवतच असेल, तर त्यात आज आणीबाणी आहे की नुसतं 'सर्व ठीक', हे बाहेरून समजत नाही. मात्र दर पाच मिनिटांनी बोलणाऱ्या चौकीचं ठिकाण शोधणं सोपं होतं. म्हणून कुठे वाटा नियमित वापरायचा आणि कुठे नुसता राखून मौन पाळायचं, हे तिथल्या अधिकाऱ्याने ठरवावं.

आपल्याकडे हा प्रश्न आत्ताच उपस्थित करायचं कारण संयुक्तीकरणाचं आहे. आजवर दलांच्या लिंका बऱ्याच अंशी वेगवेगळ्या होत्या आणि भांडण घरातल्या घरात मिटत असे. जून २०१६ मध्ये मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना तिन्ही दलांचं सामायिक संपर्कजाळं, डिफेन्स कम्युनिकेशन नेटवर्क, सुरू झालं. जानेवारी २०२० पासून संरक्षण दल प्रमुख हे पद आहे. आंतरदलीय संघटनांच्या प्रमुखांना तिन्ही दलांच्या माणसांवर अधिकार देणारा कायदा २०२३ साली झाला आणि मे २०२४ मध्ये लागू झाला. थिएटर कमांड (एका भागातल्या तिन्ही दलांवर एकच प्रमुख) आली की एकाच उपग्रह चॅनेलवर हवाई संरक्षणाचे ठिपके, जहाजाचा मागोवा आणि पायदळाच्या चौकीची हाक शेजारी-शेजारी उभ्या राहतील. तिघांपैकी ज्याचं यंत्र जास्त बोलकं त्याची सरशी होणार असेल, तर पायदळ हरणार हे आधीच सांगता येतं.

थिएटर कमांडवर आजवर जी चर्चा झाली ती मुख्यतः कोणत्या दलाचा अधिकारी प्रमुख होणार आणि विमानं कोणाच्या ताब्यात राहणार यावर. ती महत्त्वाची आहे. पण विमानांइतकीच वेळेचीही वाटणी करायची आहे, आणि तिचा पाटकरी कोण हे कुठेच बोललं जात नाही. माझ्या मते तो संरक्षण दल प्रमुखांच्या अखत्यारीत असावा आणि कोणत्याही एका दलाच्या सिग्नल शाखेला उत्तरदायी नसावा.

हे गुपित आहे, यावर उघड बोलू नये, असं कोणी म्हणेल. फ्रिक्वेन्सी गुपित, गूढलेखनाच्या किल्ल्या गुपित, कोणत्या चौकीला किती सेकंद हेही गुपित. पण वाटणी शेवटापासून वर होते की माथ्यापासून खाली, हे तत्त्व गुपित ठेवण्यासारखं नाही. नाटोचे तातडीचे दर्जे कुणालाही वाचता येतात, त्याने कोणी लढाई हरलेलं नाही. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीसमोर किती रेडिओ घेतले, किती कोटी खर्च झाले, किती उरले हे येतंच. त्यात दोन प्रश्न वाढवता येतील. गेल्या वर्षीच्या मोठ्या सरावात फ्लॅश दर्जाचे किती निरोप मुख्यालयांनी पाठवले आणि किती तळाच्या तुकड्यांनी? आणि सराव चालू असताना लिंकची क्षमता मुद्दाम एक दशांशावर आणून दिवसभर तशीच ठेवली होती का. ठेवली असेल तर त्या दिवशी सर्वांत आधी आवाज कोणाचा बंद झाला?

आकडे बंद दाराआड सांगितले तरी चालतील. फक्त ते मोजलेले असावेत, आणि ज्यांनी फ्लॅशचा शिक्का मारला त्यांचं नाव प्रत्येक निरोपापुढे असावं.